गेटचा क्लास, राजीनामा आणि एफडी

प्रश्न: मी नाशिकची, वय 26, सिव्हिल इंजिनीअर. एका बिल्डरकडे साइटवर काम करते. हातात 31,000 रुपये येतात, त्यातले 12,000 घरी देते. गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करायचं आहे. क्लासची फी 72,000, वर जीएसटी. जुलैपासून नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करावा असं मनात आहे. 1,60,000 ची एफडी जूनअखेर संपते आहे, त्यातून फी भरेन. आई म्हणते, वाचनालयात बसून अभ्यास कर. साइटवरचे सर म्हणतात, गेट सोड, पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र कर. काय करू?

उत्तर: क्लास की वाचनालय हा तुमचा प्रश्न, पण आधी राजीनाम्याचा हिशेब मांडतो, कारण मोठी रक्कम तिथे आहे.

गेट फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि प्रवेश घेऊन वर्ग सुरू होईपर्यंत पुढचा जुलै उजाडतो. म्हणजे बारा पगार बुडणार: 3,72,000 रुपये. क्लासची फी 18 टक्के जीएसटी धरून 84,960. एफडीतून ती भरली की उरतात 75,040. घरी 12,000 देत राहिलात, तर हे पैसे डिसेंबरअखेर संपतात. परीक्षेच्या आधीचा सगळ्यात महत्त्वाचा महिना तुम्ही रिकाम्या खात्यावर काढणार. अशा वेळी अभ्यास होत नाही, हे सांगायला अर्थसल्लागार लागत नाही.

त्यापुढची गोष्ट तुमच्या पत्रात आलेलीच नाही. प्रवेश मिळाल्यावर पूर्णवेळ एम.टेक.ला गेटवर मिळणारं विद्यावेतन महिना 12,400 रुपये असतं, 24 महिने. मेस, प्रवास आणि फीचा काही भाग यातच ते जाईल. मग घरचे 12,000 कुठून येणार? दोन वर्षांचे 2,88,000 होतात. तुमची एफडी खरं तर या दोन वर्षांसाठी आहे. ती क्लासला देऊ नका.

हप्त्यांचा पर्याय क्लासवाले सुचवतीलच. 'बिनव्याजी' हप्ता असेल तर एकरकमी भरल्यास किती सूट, एवढंच विचारा. जी सूट सांगतील, ते तुमचं व्याज. बऱ्याचदा हे हप्ते म्हणजे एखाद्या वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. क्लास सोडला तरी ते चालू राहतं. मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे खरं. पण त्या सूचना आहेत, तेव्हा परताव्याची अट लेखी घ्या.

आता आईचं म्हणणं. नाशिकला सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. ज्या कॉलेजातून पदवी घेतलीत, तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. माजी विद्यार्थ्यांना अनामत घेऊन वाचनकक्ष वापरू देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत, आणि सॉइल मेकॅनिक्स, फ्लुइड मेकॅनिक्सची पुस्तकं शहराच्या वाचनालयापेक्षा तिथेच मिळतील. या विषयांची जुनी आवृत्तीही चालते. स्टील डिझाइनला मात्र सावध राहा: आयएस 800 हा पोलादी बांधकामाच्या नियमांचा कोड 2007 मध्ये बदलला आणि त्याआधीची पुस्तकं जुन्या, वर्किंग स्ट्रेस पद्धतीची आहेत. कपाटात तीच जास्त दिसतील. कोड स्वतः बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

व्याख्यानांसाठी एनपीटीईएल हा ऑनलाइन उपक्रम आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची, विनामूल्य. त्यांचं गेटसाठी वेगळं पोर्टलही आहे. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. गेल्या अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेटच्या अधिकृत संकेतस्थळांवर मिळतात. 100 पैकी 15 गुण जनरल ॲप्टिट्यूडला आणि साधारण 13 इंजिनीअरिंग मॅथ्सला असतात. एवढ्यासाठी कुठल्याही क्लासची गरज मला दिसत नाही.

वाचनालयात दोन गोष्टी मिळत नाहीत. एक, घड्याळ लावून संगणकावर पेपर सोडवण्याचा सराव. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो आणि सवय नसेल तर तो वेळ खातो. दुसरी, शंका विचारायला माणूस. पहिल्यासाठी टेस्ट सिरीज, म्हणजे सराव परीक्षांचा संच, विकत घ्या, तिथे कंजुषी नको. दुसऱ्यासाठी कॉलेजातले जुने सर. साइटवरून सात वाजता सुटणाऱ्याला आठला बंद होणारं वाचनालय काय कामाचं, हा प्रश्नही रास्त आहे. म्हणून पहाटे उघडणारी अभ्यासिका शोधा, भले ती खासगी असो.

खर्च असा धरा: अभ्यासिका महिना 1,200 प्रमाणे आठ महिने 9,600, टेस्ट सिरीज 3,000, न मिळणारी पुस्तकं 3,000. गेटचं अर्ज शुल्क महिलांना निम्मं असतं; 2026 च्या परीक्षेला वेळेत अर्ज करणाऱ्यांना ते 1,000 होतं. एकूण 16,600. यात जानेवारीची एक महिन्याची बिनपगारी रजा मिळवा आणि ती बिल्डरकडून आत्ताच कबूल करून घ्या. बुडणारा 31,000 चा पगार धरून सगळं मिळून 47,600 होतात. उरलेले अकरा महिने पगारातून 8,000 बाजूला टाकले तर 88,000 जमतात. एफडी धरून 2,48,000, वर व्याज. एम.टेक.च्या दोन वर्षांत घरी द्यायची रक्कम जवळजवळ उभी राहते.

पीएमपी वाईट नाही, पण तुमच्यासाठी आत्ता नाही. पदवीधराला त्यासाठी प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो, शिवाय 35 तासांचं रीतसर प्रशिक्षण. ते तास वाचनालयात पुस्तक वाचून भरत नाहीत, पैसे मोजावे लागण्याची शक्यता जास्त. सर जेव्हा एखादी इमारत पूर्णपणे तुमच्या हाती देतील, तेव्हा या विषयाकडे वळू.

ऑक्टोबरच्या शेवटी एक जुना पेपर तीन तास लावून सोडवा. पात्रतेचा कटऑफ ओलांडणं आणि चांगल्या संस्थेत जागा मिळणं यात बरंच अंतर आहे, हे धरूनच गुण बघा. एखाद-दुसऱ्या विषयात पार अडखळलात, तर तेवढ्याच विषयाचा क्लास लावा. गेटला वयाची किंवा प्रयत्नांची मर्यादा नाही आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. नोकरी हातात असेल तर दुसरा प्रयत्न परवडतो.

जूनअखेर एफडी संपली की एकच मोठी एफडी पुन्हा करू नका. 1,00,000 आणि 60,000 अशा दोन करा. मध्येच गरज पडली तर लहान मोडता येईल, मोठीचं व्याज शाबूत राहील.