पाच वर्षांची असताना खाल्लेला पेढा

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली, ८४ टक्के. तिला मानसशास्त्र शिकायचं आहे. ती पाच वर्षांची असताना मी एक व्हिडिओ बघून तिच्यासमोर पेढा ठेवला होता. पंधरा मिनिटं थांबलीस तर दोन देईन म्हणालो, तिनं मिनिटभरात खाल्ला. घरात आम्ही अजून तिला गमतीनं 'पेढा' म्हणतो. माझी बदली झाली तेव्हा तबल्याचा क्लास सुटला, तोही तिनं पुन्हा धरला नाही. संयमच नाही. इतकं लांबचं शिक्षण झेपेल का, की एखादा छोटा डिप्लोमा बरा?

उत्तर : मार्कांची मला काळजी नाही. 'पेढा' या हाकेची आहे. दहा वर्षं एक मूल ती ऐकतंय, आणि तुम्ही तिला गंमत म्हणता. पत्रिका बघून कुणी मुलीचं शिक्षण ठरवलं तर तुम्हीच त्याला चार शब्द सुनावाल. इथे मात्र एका पेढ्यावर तुम्ही तिची पत्रिका मांडून बसला आहात.

तुम्ही केलात तो प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. मूल थांबतं ते कशाच्या जोरावर, हे त्यांना शोधायचं होतं. खाऊ झाकून ठेवला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. डोळ्यांसमोर असला की चटकन हात जाई. म्हणजे थांबण्यात युक्ती असते आणि ती शिकता येते. वागणं समजून घ्यायला ही फार मोलाची गोष्ट हाती आली. पुढे त्यातल्या काही मुलांचा पाठपुरावा झाला, तेव्हा जास्त थांबलेल्यांचे मार्क सरासरीनं बरे दिसले, आणि जगानं तेवढंच उचललं. पण ती मुलं मोजकी आणि बहुतेक विद्यापीठाशी संबंधित घरांतली. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली तेव्हा तो संबंध सुमारे निम्म्यावर आला, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी क्षीण झाला. आणि भक्कम असता तरी तो पुष्कळ मुलांच्या सरासरीबद्दल बोलतो. एका मुलीचं भविष्य त्यातून काढता येत नाही.

अमेरिकेतल्याच रोचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग तुम्ही जरूर समजून घ्या. तिथे पेढ्याच्या आधी, म्हणजे त्यांच्या मार्शमॅलो या मऊ गोड खाऊच्या आधी, मुलांना चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं होतं. काहींना ते दिले, काहींना 'नाहीत आमच्याकडे' म्हणून सांगितलं. शब्द पाळला गेलेली मुलं खाऊसमोर सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. समोरच्याच्या शब्दावर भरवसा नसेल तर हातातलं खाऊन टाकणं हा शहाणपणा आहे. मुलं होती फक्त २८, त्यामुळे यावरून तुमच्या घराचा निकाल मी लावणार नाही. फक्त तबल्याबद्दल विचारते. क्लास तुमच्या बदलीमुळे सुटला, असं तुम्हीच लिहिता. मग नव्या गावात तिला क्लास शोधून द्यायचा कुणी? दहा-बारा वर्षांच्या मुलीनं? याला तुम्ही तिचा अधीरपणा म्हणता, हे मला अजिबात पटलेलं नाही.

मार्ग सरळ आहे : बारावी कोणत्याही शाखेतून, मग मानसशास्त्रात बी.ए. आणि एम.ए.; रुग्णांवर उपचार करायचे असतील तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम. लांबचा आहे, पण दहावीपर्यंत दहा वर्षं तीच अभ्यासाला बसली ना? डिप्लोम्याचा विषय सध्या बाजूला ठेवा. तिला मानसशास्त्रच का हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. त्या हाकेबद्दल तिची माफीही मागा. अकरावीचा फॉर्म भरताना तिला शेजारी बसवा, आणि तुमच्या गावात तबला कोण शिकवतं याची चौकशी याच आठवड्यात करा. तिला आता शिकायचा नसेल तर तसं ती सांगेल.