वीज कोयनेची, मग हिशेब शून्य का नाही?

प्रश्न : सर, मुलीला शाळेतून घरातल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब करायला सांगितलाय. आम्ही घरात चौघं. महिन्याला 160 युनिटच्या आसपास वीज लागते, गॅस सिलिंडर दीड महिना जातो, स्कूटीला महिन्याला 12 लिटर पेट्रोल. मुलगी म्हणते, एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो वायू होतो. पण लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग हे कसं? आणि आमची वीज कोयनेची, पाण्यावरची. ती शून्यच धरायची ना?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुलीचा आकडा बरोबर आहे. तुमची शंका मात्र मला जास्त आवडली, कारण रसायनशास्त्र शिकवताना हीच शंका दरवर्षी वर्गात कोणीतरी काढायचं. तेव्हा मी तराजूच्या एका पारड्यात स्टील वूल ठेवून दोन्ही पारडी सारखी करायचो आणि ते पेटवायचो. मुलांना वाटे, जळलं की हलकं होणार. ठिणग्या धावत जायच्या, लोखंड काळं पडायचं आणि तेच पारडं हळूहळू खाली यायचं. हवेतला ऑक्सिजन लोखंडात येऊन बसला, त्याचं ते वजन.

पेट्रोलचंही तसंच, फक्त जे तयार होतं ते सायलेन्सरमधून निघून जातं म्हणून दिसत नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 640 ग्रॅम कार्बन असतो. 12 ग्रॅम कार्बन जळताना 32 ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि 44 ग्रॅम वायू होतो. म्हणून 640 ला 44 ने गुणा, 12 ने भागा. 2.3 किलोच्या थोडं वरच उत्तर येतं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. उसातून आलेला कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, म्हणून तो वेगळा मांडतात. शाळेच्या हिशेबाला 2.3 धरलं तरी चालेल.

स्वयंपाकाच्या गॅसला किलोमागे सुमारे 3 किलो धरा. भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, म्हणजे एका सिलिंडरचे साडेबेचाळीस किलो. मुलीला सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वाचायला लावा. तो आकडा गॅसचा नाही, त्यात गल्लत होते.

आता कोयना. धरण तुमच्या उशाशी आहे, पण कोयनेची वीज कराडसाठी वेगळ्या तारेनं येत नाही. 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं वीजवाहिन्यांचं जाळं बाकीच्या देशाला जोडलं गेलं आणि साऱ्या देशाचं ग्रिड एक झालं. चंद्रपूरच्या कोळशाची, कोयनेच्या पाण्याची, राजस्थानातल्या उन्हाची वीज त्यात एकत्र होते. शिवाय कोयनेचं पाणी मोजकं. पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. म्हणून 1,960 मेगावॉटचा तो प्रकल्प मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. तुम्ही दुपारी मिक्सर लावता तेव्हा मागे बहुधा कोळसाच जळत असतो.

नुसत्या कोळशाच्या विजेला युनिटमागे किलोभर वायू धरावा लागतो. पाणी, वारा, ऊन, अणुऊर्जा मिसळून देशाची सरासरी 0.7 किलोच्या जरा वर येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ती दरवर्षी जाहीर करतं. सोपं जावं म्हणून 0.7 घेऊ.

तुमच्या घराचं वर्ष असं : वीज 1,920 युनिट, म्हणजे 1,344 किलो. आठ सिलिंडर, सुमारे 341 किलो. पेट्रोल 144 लिटर, 331 किलो. एकूण जवळजवळ 2 टन, माणशी अर्धा टन. ज्या विजेचा घरात धूर नाही, वास नाही, तिचाच वाटा दोन-तृतीयांश! मुलीनं वहीत हे ठळक लिहावं असं मला मनापासून वाटतं. यात अन्न, कपडे, एसटीचा प्रवास धरलेला नाही, तेही लिहावं.

एक सांभाळा : बिलाच्या रुपयांना गुणू नका. वापर वाढला की दराचा टप्पा बदलतो, स्थिर आकार वेगळा असतो. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे छापलेले असतात, त्यावरून युनिट उतरवून घ्या. एप्रिल-मेचे पट्टे किती उंच आहेत ते मला कळवा. पंखा, कूलर आणि फ्रिज यांतलं कोण किती खातं, ते त्यावरून काढता येईल.