भाऊजींनी कोलायटिसच्या गोळ्या सोडल्या, लग्नाला जात नाहीत – माझं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत की रक्त पडणं थांबल्यावर भाऊजींनी गोळ्या सोडल्या, आता लग्नाकार्याला जात नाहीत, आणि त्यांना खायला काय द्यावं असं विचारलंत. मी पांढरकवड्याकडचा कापूसवाला, हाच अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, मला 11 वर्षांपासून आहे. त्याआधी दोन वर्षं मूळव्याध म्हणून उपचार झाले, ते वेगळंच.

आधी गोळ्या. मेसालामिन, म्हणजे आतड्याची सूज दाबून ठेवणारी गोळी, रक्त थांबल्यावरही चालूच ठेवायची असते. मीही दुसऱ्या वर्षी सोडली होती. ऐन वेचणीत दिवसाला 14 वेळा संडास आणि हिमोग्लोबिन 7 वर आलं. सोडलेल्यात प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. ती हळूहळूच उतरवतात, कारण बरेच दिवस घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, एकदम बंद केली तर माणूस आडवा होतो. आणि कंबर धरली की गावात लगेच डायक्लोफेनॅकचं, म्हणजे दुखणं थांबवायचं इंजेक्शन देतात, त्याने आजार उसळू शकतो. मी आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी खिशातच ठेवतो.

आता लग्नाचं. भाऊजी मांडवामागे संडास आहे का, हाच विचार करत असणार. मला माहीत आहे, कारण एकदा नागपूरच्या एसटीत वडनेरच्या पुढे पोटात कळ आली. कंडक्टरला सांगायची लाज वाटली. सीटवरच झालं. जामला उतरलो, हॉटेलामागच्या नळावर पॅन्ट धुतली, ओलीच घालून परतीची गाडी धरली. मग दीड वर्ष गाव सोडलं नाही. तपासणीलासुद्धा गेलो नाही!

आता चढतानाच कंडक्टरला हळूच सांगतो, "भाऊ, आतड्याचा आजार आहे, मधात गाडी थांबवा लागली तर थांबवजा." अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. सीट दारापाशी, पिशवीत जुनी पॅन्ट, टॉवेल, पाण्याची बाटली. बहुतेक वेळा पिशवी उघडावीच लागत नाही, पण ती सोबत असली की पोटही गप बसतं. लग्नाला जाताना यजमानांच्या घरी आधी एक फोन करायचा, एवढंच.

घरी आमचा 12,000 च्या अनुदानातला संडास पऱ्हाट्यांनी (कापसाच्या वाळल्या काड्यांनी) भरला होता. बायकोने एका दुपारी सगळ्या उपसून आवारात फेकल्या, मला विचारलंसुद्धा नाही. वावरात विहिरीजवळ खड्डा खणून चार टिनं उभी केली. आता वेचणीला येणाऱ्या बायाच तो जास्त वापरतात.

जेवणाचं थोडक्यात. मिरचीने हा आजार होत नाही, पण पोट बिघडलेलं असताना झोंबते. त्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी. तूर, हरभरा, कच्चं सॅलड नको. पोट शांत असताना मी भाकर-ठेचा खातो. दूध कोणाला चालतं, कोणाला नाही. आठ दिवस लिहून ठेवा, कळेल. कुणी चूर्ण देत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

एक राहिलंच. आजाराला 8 वर्षं झाली की बरं असलं तरी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करायची असते, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाच तर लवकर सापडावा म्हणून. मी नागपूरला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला जातो.

सोडलेल्या गोळ्यांची नावं पाकिटावर बघून इथे लिहा, आणि किती दिवस झाले तेही.