साइट इंजिनिअर आणि प्रोजेक्ट इंजिनिअर यांच्या कामात नक्की फरक काय?

तुमचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, एका कंपनीत साइट इंजिनिअरची जागा आहे, दुसरीत प्रोजेक्ट इंजिनिअरची, आणि कुठली घ्यावी असं विचारताय. मी अकरा वर्षं कारखान्यांच्या शेड उभारतोय, बहुतेक चाकण-रांजणगाव भागात. तिथलंच सांगतो.

साइट इंजिनिअर आजचं काम बघतो: लेव्हल, ओळंबा, सळईतलं अंतर, कव्हर ब्लॉक (सळई साच्याला चिकटू नये म्हणून ठेवायचे ठोकळे). पंधरा दिवसांनी काय अडणार आहे, ते आज शोधायचं काम प्रोजेक्ट इंजिनिअरचं. (छोट्या कंपनीत दोन्ही कामं एकच माणूस करतो. पगारही एकच.)

शेडचे स्टीलचे कॉलम फॅब्रिकेटरकडून (स्टील कापून-जोडून देणाऱ्याकडून) तयार होऊन येतात आणि पेडेस्टलमध्ये, म्हणजे पायावरच्या काँक्रीटच्या खांबोट्यांत, आधीच बसवलेल्या अँकर बोल्टांवर उभे राहतात. बोल्ट लावणार सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर, कॉलम पाठवणार फॅब्रिकेटर. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. मधे प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणून मी. एकदा ड्रॉइंग बदललं, आर-वननंतरची सुधारित आवृत्ती आर-टू आली. मी ती फॅब्रिकेटरला मेल केली आणि साइटवरची आर-वनची प्रिंट काढून घ्यायला विसरलो. क्रेनने पहिला कॉलम उचलून खाली घेतला, तर कॉलमच्या तळाची भोकं पाडलेली बेस प्लेट बोल्टांच्या टोकांवरच टेकली. 12 मिलिमीटरचा फरक! मुकादम म्हणाला, "साहेब, गॅसने तापवून वाकवतो की, पाच मिनिटांचं काम." नको म्हटलं, तापवून वाकवलेल्या बोल्टाचा काय भरवसा? कन्सल्टंटची लेखी परवानगी घेऊन प्लेटची भोकं वाढवली, वरून जाड वॉशर प्लेट वेल्ड केल्या. दोन दिवस गेले, क्रेनचं भाडं चालूच. ते कुणाच्या बिलातून कापायचं, हा वादही माझ्याच टेबलावर आला, आणि चूक तर माझीच होती.

एरवी निम्मा वेळ रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारी), मोजमापं आणि सळईचा हिशेब यात जातो. तो भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही.

आणि 'नाही' म्हणणं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 4.5 मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साधारणपणे 14 दिवस काढायचे नसतात. कॉन्ट्रॅक्टरला मात्र तेच टेकू आठव्या दिवशी पुढच्या गाळ्याला हवे असतात. नाही म्हणायला कुणालाही येतं हो. टेकूंचा दुसरा सेट महिनाभर आधी त्याला आणायला लावला असेल तरच तुमचं 'नाही' टिकतं.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं साइटच घ्या. दुसऱ्या कंपनीत जायचंच असेल, तर मुलाखतीत एवढं विचारा: ड्रॉइंगचं रजिस्टर कोण सांभाळतं आणि कॉन्ट्रॅक्टरची बिलं कोण तपासतं? दोन्ही कामं दुसऱ्याच कुणाकडे असतील, तर ती जागा नावापुरतीच प्रोजेक्ट इंजिनिअरची आहे.