अभियंत्याने पेटंटच्या क्षेत्रात यावे का?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत संगणक अभियंता आहे. तंत्रज्ञान कंपन्यांचे पेटंटचे काम पाहणारी वकील व्हावे, असे मनात आहे. नोकरी सोडून एलएलबी करावे का?

उत्तर : एवढ्यात नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी असलेल्या, २१ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट एजंटची परीक्षा देता येते आणि नोंदणीनंतर अर्जाचा मसुदा करण्यापासून पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडण्यापर्यंतची कामे करता येतात. उल्लंघनाचा खटला न्यायालयात चालवायचा असेल, तर मात्र वकिलीची सनद हवीच.

खरा कस लागतो तो मसुद्यात. या कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. समजा, छायाचित्रे कमी मेमरीत साठवण्याची नवी पद्धत तुमच्या सहकाऱ्यांनी शोधली. अर्जात नुसते गणिती सूत्र मांडले तर तो अडतो, पण त्या पद्धतीमुळे उपकरणाच्या मेमरीची नेमकी कशी बचत होते हे टप्प्याटप्प्याने दाखवले, तर युक्तिवादाला जागा राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी या पेटंट अर्जदाराच्या प्रकरणात याच तांत्रिक परिणामाला महत्त्व दिले. स्वतः कोड लिहिलेल्या माणसाला हे अधिक नेमकेपणाने मांडता येते, म्हणून तुमच्यासारख्यांची येथे फार गरज आहे.

तूर्त पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील परीक्षण अहवाल, म्हणजे अर्जांवर कार्यालयाने घेतलेले आक्षेप, आणि त्यांना अर्जदारांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत.