आदामाचं पाप आणि माझ्या पोरीचे पाय

जय ख्रिस्त ताई. रात्री तुमची पोस्ट वाचली आणि झोपच उडाली. बाळाच्या हृदयाला छिद्र, डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिलेली, आणि प्रार्थना ग्रुपवाले सांगून राहिले की घरात कोणीतरी देवाची आज्ञा मोडली, ते पाप आधी शोधा. वर तुमचा प्रश्न, पहिल्या माणसाने, आदामाने, देवाने मना केलेलं फळ खाल्लं तर माझ्या लेकराने काहून भरायचं? हाच प्रश्न घेऊन पंधरा-सोळा वर्षांआधी मी नागपुरात सदरपासून इंदोऱ्यापर्यंत फिरलो होतो.

आधीच सांगतो, मी पाळक (चर्चचा पास्टर) नाही, डॉक्टर तर नाहीच. एदेन बाग, साप, फळ हे संडे स्कूलपासून पाठ असेल, ते सोडतो.

माझी मोठी पोरगी जन्मली तेव्हा दोन्ही पाय आत वळलेले. डॉक्टर म्हणाले लगेच प्लास्टर सुरू करू, दर आठवड्याला बदलू, पाच-सहा प्लास्टरमध्ये बहुतेक पाय सरळ होतात. आणि मी शहाणा, ते सोडून आमच्या तेव्हाच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलजनांकडे, म्हणजे कारभारी मंडळींकडे गेलो. त्यांनी उपास सांगितले, पापकबुली सांगितली. माझ्यात काही सापडेना म्हणून मग बायकोला विचारणं सुरू झालं, आणि ती बिचारी खरं बोलली की पोटुशी असताना शेजारणीसोबत ताजबागच्या दर्ग्यात जाऊन धागा बांधून आली होती. झालं! सापडलं पाप. तिला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली, आणि मी तिच्या बाजूला उभा नव्हतो, समोरच्या खुर्चीत बसलो होतो. यात सात महिने गेले. मग दुप्पट प्लास्टर लागले आणि वरून ऑपरेशन. नंतर तक्रार घेऊन मंडळीच्या ऑफिसात गेलो तर म्हणे कमिटीत घेऊ. ती कमिटी अजून बसूनच राहिली आहे.

तुम्ही बायबलमधल्या उत्पत्तीचा ३ रा अध्याय परत वाचा, पण हळू. २:१७ मध्ये देवाची आज्ञा एवढीच की त्या झाडाचं खाऊ नको, आणि तेव्हा हव्वा घडवलेलीसुद्धा नव्हती. ३:३ मध्ये तीच आज्ञा हव्वेच्या तोंडी येते तेव्हा त्यात "स्पर्शही करू नका" हे वाढलेलं आहे. कोणी वाढवलं ते लिहिलेलं नाही. माझ्या मते आज्ञापालनाच्या नावाने जे चालतं त्यातलं अर्धं हे असलं वाढवलेलंच असतं. आणि पकडला गेल्यावर आदाम काय म्हणतो, तू जी बाई मला दिली तिने मला दिलं. फळ खाल्लंस का असं विचारल्यावर त्याचं पहिलं उत्तर हेच, बायकोकडे बोट दाखवणं. मी हुबेहूब तेच केलं, तेही पाप शोधायच्या नावाखाली!

आदामाचं पाप आपल्याला का, यावर एकमत नाही बरं का. पौलाच्या रोमकरांस पत्रात ५:१२ मध्ये मूळ ग्रीकचा अर्थ साधारण "कारण सर्वांनी पाप केलं" असा लागतो, लॅटिनमध्ये ते "ज्याच्यात (म्हणजे आदामात) सर्वांनी पाप केलं" असं वाचलं गेलं, ऑगस्टिन या बिशपने त्यावर बरंच उभं केलं आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने आदामाचं पाप वारशाने येत नाही म्हणणाऱ्या पेलाजियसची बाजू फेटाळली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात मरण आणि बिघाड वारशाने येतो, आदामाचा गुन्हा नाही. मला हे पटतं, पण कोणाला पटलंच पाहिजे असं नाही. १९७० मध्ये आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यातही याच वादाशी जोडलेला बाप्तिस्म्याचा प्रश्न मोकळा ठेवला, लहान मुलांचा आणि कळत्या वयातला, दोन्ही चालतात. मोठमोठ्यांनी जिथे जागा सोडली तिथे गल्लीतला ग्रुप तुमच्या बाळाचा हिशोब लावून मोकळा होतो, याची मला अजूनही चीड येते.

आणि एक, पाप जगात कसं आलं हा प्रश्न वेगळा आणि माझं लेकरू आजारी का हा वेगळा. योहान ९ मध्ये शिष्य नेमकं हेच विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. यहेज्केल १८:२० सुद्धा पाहा, बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. ग्रुपवाल्यांना वाचून दाखवा, ऐकतील असं नाही. "ताई, तुमचा विश्वास कमी" म्हणाले तर प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहे, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. हे वचन पेत्राने यहुद्यांच्या धर्मसभेच्या, म्हणजे धर्मपुढाऱ्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं, आपण मात्र ते वडीलजनांचं ऐका म्हणून वापरतो.

प्रार्थना करा, उपास आईने करू नये, अंगावर पाजत असाल तर मुळीच नाही. ऑपरेशनची तारीख हलवू नका. रक्त लागणार का ते आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. आणि मिस्टर ग्रुपवाल्यांच्या बाजूने बोलत असतील तर माहेरचं कोणी बोलावून घ्या. आमच्याकडे शेवटी चंद्रपूरहून सासूबाईच आल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता पोरीला उचललं आणि ऑटो करून दवाखान्यात घेऊन गेल्या.