मुलगी ग्राऊंडवर जायलाच तयार नाही

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. सहावीपर्यंत रोज खो-खो खेळायची, आता नुसता क्लास आणि मोबाईल. ग्राऊंडवर जा म्हटलं की चिडते. काय करू? - एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी "जा जा" म्हणणं थांबवा आणि शांतपणे विचारा की का सोडलंस, कारण या वयात मुली खेळ सोडतात त्यामागे बऱ्याचदा आळस नसतोच, पाळी सुरू झालेली असते, ग्राऊंडवर धड टॉयलेट नसतं, शॉर्ट्स घालायची लाज वाटते नाहीतर कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं. माझ्या भाचीचं हेच झालेलं. ट्रॅक पँट आणि नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा आणली, सोबतीला मैत्रीण दिली, महिन्याभरात पोरगी गुडघ्यांना लाल माती लावून घरी आली आणि खांबाला धरून डाइव्ह कशी मारली ते सोफ्याचा हात धरून दाखवत बसली!

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्लासमुळे वेळ मिळत नसेल तर एक क्लास कमी करा, खरंच करा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, फायनलला नेपाळला हरवून आपल्या मुली जिंकल्या आणि कॅप्टन होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ती मॅच तिच्याशेजारी बसून बघा, पण उपदेश नको. खो-खो नकोच म्हणाली तर सायकल, बॅडमिंटन, लेझीम, तिला आवडेल ते चालेल.